पितळी टोकन आणि दोरीला बांधलेलं पेन

प्रश्न : मी ठाण्यात बँकेच्या शाखेत काम करते. मार्च एंडिंगचा रगाडा संपला की एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आमची डबा-पार्टी असते. आम्ही २२ जण, प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं. यंदा मला बँकेतल्याच गोष्टींची, बघताक्षणी हसू येईल अशी बिस्किटं न्यायची आहेत. नानकटाईच्या पिठाचे आकार कापून पाहिले, तर ओटीजीत (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) सगळे पसरून गोल झाले. अंडं चालणार नाही, दोघी मैत्रिणी जैन आहेत. काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, मीही बँकेतूनच निवृत्त झाले, त्यामुळे तुमचं पत्र दोनदा वाचलं.

आधी पिठाचं बघू. नानकटाई पसरणारच. तूप म्हणजे निव्वळ स्निग्धांश, ते उष्णतेने लगेच वितळतं, आणि सोडा पिठाला फुलवतो. तिला ती भेग शोभते, पण आकार हवा असेल तर सोडा आणि बेकिंग पावडर दोन्ही विसरा. वजनाने साखर एक, बटर दोन, मैदा तीन. तुम्हाला १५० ग्रॅम पिठीसाखर, ३०० ग्रॅम बिनमिठाचं बटर आणि ४५० ग्रॅम मैदा लागेल. वेलची घाला. गोळा होत नसेल तरच चमचा-दोन चमचे गार दूध. साधारण ५० बिस्किटं होतात. माणशी दोन, आणि मोडतोड धरलेली.

दोन बटरपेपरच्या मध्ये अर्धा सेंटीमीटर जाड लाटा, आकार कापा आणि ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. एप्रिलच्या उकाड्यात ही पायरी गाळलीत तर पुन्हा गोलच होतील. ओटीजी १० मिनिटं आधी तापवून १७० अंशावर १२ ते १४ मिनिटं. मागची बाजू जास्त तापते म्हणून मध्ये एकदा ट्रे फिरवा. कड जरा बदामी झाली की काढा. गरम असताना मऊच लागतात, गार झाल्यावर कडक होतात.

आता गंमत. माझी पहिली पसंती पेनाला! काउंटरवरचं, दोरीने बांधलेलं, शाई संपलेलं पेन. सुरीने लांबट पट्टी कापा, एका टोकाला निमुळती करा आणि दुसऱ्या टोकाला भाजण्याआधीच स्ट्रॉने भोक पाडा. त्यात अगदी शेवटी सुतळी ओवायची. त्यावर एक अक्षरही लिहावं लागत नाही, तरी सगळ्यांना कळतं.

दुसरं पितळी टोकन. आम्ही लागलो तेव्हा चेक दिला की खिडकीतून टोकन मिळायचं आणि नंबर पुकारला की पैसे. वाटीने गोल कापा आणि वर आकडा. आयसिंगला पिठीसाखर चाळून पाण्याने आणि थेंबभर लिंबाने भिजवा, पाणी चमच्या-चमच्याने. चमच्यातून पडलेली धार १० मोजेपर्यंत मुरली तर ते पसरवायला योग्य. लिहायला त्याहून घट्ट ठेवा. पितळेच्या रंगाला केशराचं पाणी आणि चिमूटभर कोको पुरे. बिटाचा रस मला फार आवडतो, पण ते कंदमूळ, तुमच्या दोघींना चालणार नाही.

शिक्का करायचा तर चौकोनावर ‘उद्या या’ एवढंच लिहा. अक्षरं आधी, शिरोरेघ शेवटी, म्हणजे ओळ वाकडी जात नाही. ‘सर्व्हर डाऊन’चा मोह मला कळतो, पण तो रफार बटरपेपर गुंडाळून केलेल्या आयसिंगच्या कोनातून नीट उमटत नाही.

माणसांवर मात्र बिस्किटं करू नका. एका वर्षी मी घरच्या गोल ओव्हनमध्ये, खाली वाळू घालून, घड्याळाच्या आकाराचं एक बिस्किट केलं होतं, उशिरा येणाऱ्या सहकाऱ्यासाठी. ते कर्जतहून यायचे. एक लोकल चुकली की पुढची कधी मिळेल, नेम नसायचा. सगळ्यांबरोबर तेही हसले. संध्याकाळी बशा आवरताना ते बिस्किट तसंच दिसलं. मला अजून वाईट वाटतं. पेन, टोकन, रांग, शिक्का हे सगळ्यांनी सारखं सोसलेलं असतं, म्हणून त्यावर हसताना कुणी एकटं पडत नाही.

गुरुवारी भाजा, शुक्रवारी आयसिंग करून रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. शनिवारी सकाळी स्टीलच्या डब्यात थरांमध्ये बटरपेपर घालून न्या. सुतळ्या शाखेत गेल्यावरच बांधा, वाटेत त्या ओढल्या जाऊन पेनं मोडतात.

आणि ते २२ जण पुन्हा मोजा. दारावरचे गार्ड आणि सकाळी झाडलोट करणाऱ्या ताई त्यात आहेत ना? नसतील तर टोकनं २४ करा.