गोल्ड सोल तळाला बसतंय म्हणून ग्लिसरॉल टाकावं का?

तुमचं २० नॅनोमीटरचं गोल्ड सोल, म्हणजे पाण्यात तरंगणारे सोन्याचे बारीक कण, साध्या पाण्यात कित्येक महिने टिकलं, पण बफर (पीएच स्थिर ठेवणारं खारट द्रावण) टाकल्यावर एका रात्रीत तळाला बसलं, आणि आता द्रव दाट करायला ग्लिसरॉल टाकावं का असं विचारलंय. माझं स्पष्ट मत, नको. त्याने फक्त वेळ लांबेल.

कणावर दोन गोष्टी एकदम चालू असतात. वजन त्याला खाली ओढतं, आणि पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के मारतात म्हणून तो इकडेतिकडे भरकटत राहतो, तेच ब्राउनियन मोशन. व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा दाटपणा, दोन्हीला सारखीच आडवी येते. ती दुप्पट केली तर खाली जायचा वेग निम्मा, पण डिफ्युजनही (असं भरकटत पसरणं) निम्मं, म्हणजे दोघांचा तोल जिथे साधायचा तिथेच साधतो, फक्त उशिरा. निम्मं ग्लिसरॉल घातलं तर पाणी साधारण सहापट दाट होतं, म्हणजे एका रात्रीचं काम सहा रात्रींवर गेलं, एवढंच.

तो तोल एका उंचीवरून कळतो: उष्णतेची ऊर्जा भागिले कणाचं पाण्यातलं वजन. तेवढं वर गेलं की कणांची दाटी साधारण ३७ टक्क्यांवर येते. या हिशोबात व्हिस्कॉसिटी कुठेच नाही. २० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाला ही उंची साडेपाच मिलिमीटर येते. १०० नॅनोमीटरचा कण घेतला तर वजन १२५ पट, म्हणून उंची जेमतेम ०.०४ मिलिमीटर, म्हणजे सगळे तळालाच. फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेराँनी गँबोज नावाच्या डिंकाचे कण मायक्रोस्कोपखाली थराथराने मोजून नेमकी हीच घट दाखवली, आइनस्टाइनच्या ब्राउनियन मोशनवरच्या १९०५च्या पेपरनंतर तीनचार वर्षांतच, आणि १९२६ चं नोबेल त्यांना मिळालं. मला आजही तो प्रयोग फार सुंदर वाटतो, डोळ्यांनी कण मोजून रेणूंचा पुरावा मिळवला त्यांनी.

आता कोणी म्हणेल, मग २० चे कणसुद्धा बाटलीच्या तळाशी जमायला हवेत. हवेत, पण त्यांचा वेग सेकंदाला साडेचार नॅनोमीटर, दिवसाला अर्धा मिलिमीटरही नाही, आणि तेही पाणी पूर्ण निश्चल असेल तर. बाटलीची एक बाजू जरा कोमट झाली तरी आतलं पाणी फिरायला लागतं आणि त्या प्रवाहापुढे हा वेग काहीच नाही, सगळं परत ढवळलं जातं. डिफ्युजनवरही फार विसंबू नका. हाच कण एका सेकंदात ७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो, पण एक सेंटिमीटर जायला त्याला तीनेक आठवडे लागतात, कारण अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो.

म्हणजे तुमच्याकडे रात्रीत बसले ते सुटे कण नव्हतेच, गुठळ्या होत्या. कणांवर चढलेल्या सायट्रेटमुळे (सायट्रिक आम्लाचं मीठ) त्यांच्यावर निगेटिव्ह चार्ज असतो, त्यामुळे ते एकमेकांना लांब ठेवतात. बफरमधल्या मिठाने तो चार्ज झाकला जातो, मिठाचं प्रमाण १५० मिलिमोलर (लिटरमागे ०.१५ मोल) असलं की त्या चार्जचा पल्ला एक नॅनोमीटरच्याही आत येतो, मग कण भिडले की चिकटले. हजार कणांची गुठळी झाली की वजन हजारपट आणि ती उंची साडेपाच मायक्रॉन, तिला डिफ्युजन वर धरूच शकत नाही.

म्हणून आधी कणांवर थायोलवालं पेग (गंधकाच्या टोकाने सोन्याला चिकटणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची लांब साखळी) चढवा, ते नीट बसू द्या, मग बफर थोडा थोडा टाका. आणि पुढच्या वेळी गाळ दिसला की लगेच सोनिकेट करू नका (म्हणजे ध्वनिलहरींनी हलवू नका), क्युव्हेट, म्हणजे छोटी पारदर्शक नळी, हलकेच उलटीसुलटी करून पांढऱ्या कागदासमोर धरा. सोलचा मूळ लाल रंग पूर्ण परत आला तर कण सुटेच होते, नुसते खाली बसले होते. जांभळट किंवा निळसर राहिला तर ते चिकटलेत, आणि तो बॅच पुन्हा वापरायच्या भानगडीत पडू नका.