किती आणि कशाला, तेवढं लिही

पोरी,

वसतिगृहाच्या देणगीसाठी केलेल्या फ्लेक्सचं तुझं डिझाइन पाहिलं. मावळतीचा सूर्य, पाठमोरी मुलगी, वर 'आशेचा किरण'. देखणं आहे. पण वसतिगृहाला हवंय काय, ते कुठं लिहिलंस? आपल्या कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्र्यांच्या पाळ्या कमी झाल्यात, उद्यमनगरात ओव्हरटाइम बंद, अशात लोकांकडं मागायचं कसं, म्हणतेस. अगं, मागायचंच. फक्त किती आणि कशाला, ते लिहून.

स्वयंपाकघरात जा. एका मुलीच्या एका दिवसाच्या जेवणाला काय पडतं, मावशींना विचार. तोच आकडा फ्लेक्सवर सगळ्यांत मोठा. पगार घटलेल्या माणसालाही एक दिवस झेपतो. 'सढळ हाताने मदत करा' वाचून तो नजर चुकवून पुढं जातो. तळेगावचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला तो माणशी एक पैसा मागणाऱ्या पैसा फंडातून. कर्मवीर भाऊरावांनी रयतसाठी मूठ मूठ धान्य मागितलं. एक पैसा, एक मूठ. याहून भारी जाहिरातीची कॉपी मला जन्मात जमली नाही.

करसवलतीचं आमिष मोठ्या अक्षरात नको. नव्या कररचनेत साध्या पगारदाराला देणगीची वजावटच नाही, आणि जुन्या रचनेतही २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही.

आणि रडका चेहरा लावायचा नाही म्हणजे नाही. याच हट्टापायी एका संस्थेनं माझं काम काढून घेतलं. दुसऱ्यानं रडक्या पोराचा फोटो लावला, पैसे जास्त जमले म्हणतात. जमू देत. त्या पोराला रोज त्याच चौकातून शाळेला जायचं होतं. म्हातारा स्वतःचीच बाजू मांडतोय, असं वाटेल तुला. मांडतोयच.

कल्पकता दाखवायचीय ना? मग गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर दाखव. म्हैस समोर पिळतात, लोक उभ्या उभ्या ग्लास रिकामा करतात, भाव तोंडपाठ असतो. तिथं एवढीच पाटी: 'आणखी एक ग्लास, वसतिगृहातल्या मुलीसाठी'. खाली क्यूआर कोड. आठवड्यात किती ग्लास पोचले, ते दर सोमवारी त्याच पाटीवर खडूनं लिहायचं. कमी पोचले तर कमी लिही, लाजू नकोस. पुन्हा सांगतो, किती आणि कशाला.

कट्ट्यावरच्या मंडळींशी मी बोलतो. फ्लेक्स छापायला टाकला असशील तर आजच थांबव, आणि तो सूर्य काढ.

तुझा,
काका