त्याच्या परिच्छेदातली एक ओळ

प्रिय ताई,

मी ४४ वर्षांची आहे. आमच्या एमबीएच्या बॅचला यंदा २० वर्षं होताहेत. त्यानिमित्त गेट-टुगेदर आहे आणि एक स्मरणिका निघते आहे. प्रत्येकाने आपल्या कामाविषयी आणि घराविषयी एक परिच्छेद लिहून पाठवायचा आहे.

नवरा आणि मी एकाच बॅचचे. वर्गात माझा नंबर त्याच्या वर असायचा. प्लेसमेंट दोघांनाही चांगली मिळाली, पगारही जवळपास सारखाच. सात वर्षं मी ब्रँड मॅनेजमेंटमध्ये होते. मग मुलगी वेळेआधी जन्मली, तिची हॉस्पिटलची ये-जा सुरू झाली आणि त्यातच सासूबाईंना पक्षाघात झाला. मी नोकरी सोडली आणि नऊ वर्षं घरी होते. त्या काळात नवऱ्याच्या दोन बदल्या झाल्या, दर महिन्याला दौरे असायचे. मुलगी आता ठणठणीत आहे. गेली चार वर्षं मी एका छोट्या प्रशिक्षण संस्थेचं मार्केटिंग अर्धवेळ बघते.

नवरा आज मोठ्या कंपनीत विभागप्रमुख आहे. स्मरणिकेचा कच्चा मसुदा सगळ्यांना पाठवला, त्यात मी त्याचा परिच्छेद वाचला. कामाबद्दल भरभरून लिहिलंय आणि शेवटी एक ओळ : ‘पत्नी याच बॅचची, सध्या घर सांभाळते.’ त्या रात्री मला झोप लागली नाही.

स्मरणिकेचं काम माझी तेव्हाची जिवलग मैत्रीण बघते आहे. काही वर्षांपूर्वी मी तिचे फोन घेणं बंद केलं, कारण ‘सध्या काय करतेस?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता तिचा मेसेज आलाय, ‘फक्त तुझंच राहिलंय.’ मी ‘स्वतंत्र मार्केटिंग सल्लागार’ असं लिहून मोकळी होऊ का? की काही पाठवूच नये, आणि जाऊही नये? बाकीच्यांची प्रगती वाचून मत्सर वाटतो, त्याचीही लाज वाटते. मला पुन्हा पूर्णवेळ काम करायचंय, पण या लोकांकडे कोणत्या तोंडाने मागू?

– बॅचमधली एक

प्रिय मैत्रिणी,

ताई म्हणालीस, म्हणून तुला ‘तू’ म्हणते. खोटं लिहू नकोस, आणि गेट-टुगेदरला जा. एवढं आधीच सांगून टाकते. पण तुझं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की स्मरणिकेच्या आधी घरातलं एक काम उरकायला हवं.

कोणाच्या बढतीने झोप उडाली असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. झोप उडाली ती नवऱ्याच्या एका ओळीने. ती ओळ अपुरी आहे, आणि सरळसरळ चुकीचीही आहे. चार वर्षं तू नोकरी करते आहेस आणि ते त्याला माहीत आहे. शिवाय ती वाचणार कोण? ज्यांनी तुला वर्गात उभं राहून प्रेझेंटेशन करताना पाहिलं, ज्यांना तुझा नंबर पाठ होता, ते सगळे. तुला लागलं ते साहजिक आहे. त्याने मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. कामाचं भरभरून लिहिलं आणि घराचं शेवटी आठवलं, असंच झालं असणार. पण मुद्दाम केलं नाही म्हणून दुखणं कमी होत नाही.

तुझ्याच गोष्टीशी जुळणारा एक अभ्यास आहे, म्हणून मुद्दाम सांगते. शिकागो विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधून १९९० ते २००६ या काळात एमबीए झालेल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईचा मागोवा मारियान बर्ट्रांड, क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी घेतला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला दोघांची कमाई जवळपास सारखी होती. पुढे अंतर पडत गेलं आणि दहा-पंधरा वर्षांत ते खूप मोठं झालं. त्यांना मुख्य कारणं तीन सापडली : शिकताना घेतलेले विषय आणि मिळालेले गुण यांतला फरक, नोकरीत पडलेला खंड आणि आठवड्याचे कामाचे तास. खंड पडण्यामागे आणि तास कमी होण्यामागे सर्वांत मोठं कारण होतं मुलांचा जन्म. गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते श्रमाच्या बाजारातल्या स्त्रियांविषयीच्या अशाच कामासाठी.

यामागचं गणित त्या फार स्पष्ट मांडतात. काही नोकऱ्यांमध्ये जो रात्री-अपरात्री फोन घेतो, उद्या सकाळी बॅग भरून निघू शकतो, त्याला तासामागेही जास्त मोबदला मिळतो. अशी नोकरी घरातल्या दोघांनी एकाच वेळी धरली तर तापलेल्या मुलाला शाळेतून आणायला कोणीच उरत नाही. मग एक जण ती नोकरी धरतो आणि दुसरा घरच्या फोनला हजर राहतो. तुमच्या घरी नेमकं हेच झालं. दोन बदल्या आणि दर महिन्याचे दौरे त्याला जमले, कारण हॉस्पिटलचा फोन तू घेत होतीस. त्याच्या परिच्छेदातल्या प्रत्येक बढतीत तुझे तास आहेत. ते त्याने लिहायला हवे होते.

तेव्हा आधी त्याच्याशी बोल. रात्री नको, दोघंही थकलेले असताना नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी मसुदा समोर ठेव आणि थोडक्यात सांग : ‘ही ओळ वाचून मला वाईट वाटलं. मी नोकरी करते हे तू लिहिलं नाहीस. तुझ्या बदल्या आणि दौरे कशामुळे जमले तेही यात नाही. ही ओळ बदल.’ एवढं म्हणून थांब. वीस वर्षांचा हिशेब त्याच सकाळी काढू नकोस, नाहीतर तो प्रत्येक जुन्या गोष्टीचं उत्तर देत बसेल आणि ओळ तशीच राहील. ‘त्यात एवढं काय?’ असं तो म्हणालाच, तर म्हण, ‘एकच ओळ आहे, आत्ता बदलता येईल.’ मला वाटतं तो बदलेल. नाहीच बदलली, तर तुझ्याविषयीचा मजकूर काढून टाकायला तू मैत्रिणीला सांगू शकतेस. तुझ्याबद्दल काय छापलं जावं हे ठरवायचा हक्क तुझा आहे.

याच बोलण्याचा दुसरा भाग जास्त कठीण आहे. तुला पूर्णवेळ काम करायचंय. मग सासूबाईंची औषधं आणि डॉक्टरच्या वेळा, मुलीच्या शाळेच्या बैठका, कोणी अचानक आजारी पडलं तर रजा, हे सगळं यापुढे कोण बघणार? एका कागदावर आठवड्याचे सात दिवस लिहा आणि आज प्रत्येक काम कोणाच्या नावावर आहे ते मांडा. मग त्यातलं काय त्याच्याकडे जाईल आणि कशासाठी पगारी मदत घ्यायची ते ठरवा. हे न ठरवता नोकरी धरलीस तर सहा महिन्यांत तू दोन्हीकडे पूर्णवेळ राबत असशील, आणि आधी सुटेल ती नोकरीच. ‘मी मदत करेन’ या शब्दावर समाधान मानू नकोस. मंगळवारचं नेमकं कोणतं काम त्याचं, ते लिहून घे.

आता तुझा परिच्छेद. ‘सल्लागार’ लिहिण्यात मोठा धोका हा नाही की कोणी पकडेल. तू कामाच्या शोधात आहेस हे कोणाला कळणारच नाही, हा खरा तोटा आहे. ज्याच्या हाताखाली एक जागा रिकामी आहे तो वर्गमित्र तुझा परिच्छेद वाचेल, ‘वा, छान चाललंय हिचं’ म्हणेल आणि पान उलटेल. मदत मिळायची शक्यता तू स्वतःच्या हाताने खोडशील. मी तुझ्या पत्रातूनच एक मजकूर तयार केलाय, हवे ते बदल कर :

‘पदवीनंतर सात वर्षं ब्रँड मॅनेजमेंट. मग मुलगी वेळेआधी जन्मली आणि त्याच काळात सासूबाईंना पक्षाघात झाला. नोकरी सोडून नऊ वर्षं दोघींची काळजी घेतली. मुलगी आता ठणठणीत आहे. गेली चार वर्षं एका प्रशिक्षण संस्थेचं मार्केटिंग अर्धवेळ बघते आहे. आता पूर्णवेळ कामाच्या शोधात आहे. ब्रँड किंवा शिक्षण क्षेत्रात काही दिसलं तर मला जरूर कळवा.’

यात एक जागा मी तुझ्यासाठी सोडली आहे. त्या संस्थेत तुझ्यामुळे काय बदललं, प्रवेश किती वाढले किंवा जाहिरातीचा खर्च किती उतरला, तो एक खरा आकडा घाल. पत्रात तू ‘नऊ वर्षं घरी होते’ असं लिहिलंस. दोन आजारी माणसांना सांभाळणाऱ्या बाईचं हे वर्णन मला पटत नाही, म्हणून मी ते बदललं.

कोणत्या तोंडाने मागू, असं विचारतेस. डॅनियल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नोकरीतल्या अनुभवी अधिकाऱ्यांना सांगितलं, की ज्यांच्याशी किमान तीन वर्षं संपर्क नाही अशा जुन्या ओळखीच्यांना गाठा आणि सध्याच्या कामाबद्दल सल्ला विचारा. तो सल्ला रोजच्या ओळखीच्यांच्या सल्ल्याइतकाच, पुष्कळदा त्याहून जास्त, उपयोगी ठरला. कारण समजायला सोपं आहे. मधल्या वर्षांत ती माणसं वेगळ्या वाटांनी गेली, त्यामुळे त्यांच्याकडे आपल्याला नसलेली माहिती असते, आणि जुना विश्वास बऱ्यापैकी शाबूत असतो. तुझ्या वर्गमित्रांनी तर तुला काम करताना पाहिलंय. केस स्टडीची रात्र कोणी ओढून नेली आणि कोण आयत्या वेळी गायब झालं, हे कोणीही विसरलेलं नसतं. पण साठ जणांसमोर एकदम मागू नकोस. मसुदा चाळ, तुला हव्या त्या क्षेत्रातले तीन-चार जण निवड आणि प्रत्येकाला वेगळं लिही. ‘नोकरी आहे का?’ यापेक्षा ‘माझ्यासारख्या खंड पडलेल्या व्यक्तीला तुमच्याकडे कोणत्या जागेवर घेतात, यावर वीस मिनिटं बोलू शकशील का?’ असं विचार. याला हो म्हणणं समोरच्यालाही सोपं जातं.

मत्सराबद्दल फार लिहीत नाही. माणूस स्वतःला आपल्या बरोबरीच्यांशीच मोजतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं. एकाच वर्गातून, एकाच दिवशी निघालेल्यांइतकं बरोबरीचं कोण असणार? त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र एक लक्षात ठेव. असे परिच्छेद आधी येतात ते चांगली बातमी असणाऱ्यांचे. ज्याची नोकरी गेली, ज्याचा संसार मोडला, ज्याच्या मुलाचं काही दुखतंय, तो उशिरा पाठवतो किंवा त्यातलं काही लिहीतच नाही. गेट-टुगेदरला एखादा जण फक्त कामाबद्दल बोलत असेल आणि घराचा विषय टाळत असेल, तर त्याच्याशी जरा जास्त वेळ बोल.

मैत्रिणीला मात्र आजच फोन कर, मेसेज नको. इतक्या वर्षांनी काय बोलायचं याचा धसका घेऊ नकोस. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अनेक प्रयोगांतून दाखवलं, की आपण आपणहून कोणाची विचारपूस केली की समोरच्याला आपल्या अंदाजापेक्षा जास्त आनंद होतो, आणि ती जितकी अनपेक्षित तितका जास्त. तिला खरं कारण सांग : ‘तू काय करतेस विचारायचीस, मला उत्तर द्यायला जड जायचं, म्हणून फोन घेत नव्हते.’ ती चिडली तर तिचं ऐकून घे. तिचाही काही वर्षांचा राग साचलेला असेल. आणि मग तिच्याबद्दल विचार. एवढ्या काळात तिच्या घरी काय काय झालं, हे तुला अजिबात माहीत नाही.

राहता राहिला तो दिवस. नवरा चारचौघांत तुझी ओळख करून देईल आणि सवयीने जुनंच वाक्य त्याच्या तोंडून निघेल, अशी शक्यता आहेच. रागावू नकोस आणि घरी जाऊन बोलू म्हणून गिळूही नकोस. तिथल्या तिथे, त्याच्या शेजारी उभी राहून, साध्या आवाजात तूच सांग, ‘मी एका प्रशिक्षण संस्थेचं मार्केटिंग बघते, आणि आता पूर्णवेळ काम शोधते आहे. तुझ्याकडे सध्या काय चाललंय?’

– तुझी ताई