सोलापुरात ८० हजार की जर्मनीत २,५०० युरो: राहणीमान कुठे चांगलं?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात महिना ८०,००० रुपये हातात येणारी नोकरी आहे, जर्मनीतून २,५०० युरो हातात पडतील अशी ऑफर आलीय, तर राहणीमान कुठे चांगलं मिळेल. मी कापड यंत्रांच्या कामात आहे. ड्युसेलडॉर्फजवळच्या म्योन्शनग्लाडबाख या जुन्या गिरणगावात काही वर्षं नोकरी केली, आता सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत आहे. उत्तर आधीच सांगतो: आई-वडील धडधाकट असतील तर जा. पण पैसे जास्त मिळतील म्हणून जाणार असाल, तर ते कारण खरं नाही.

बँकेच्या दराने २,५०० युरोचे अडीच लाखांच्या आसपास होतात. तो आकडा डोक्यातून काढून टाका. क्रयशक्तीच्या हिशेबाने तिथल्या एका युरोचं काम इथे साधारण २८-३० रुपयांत होतं. म्हणजे ते २,५०० युरो सोलापूरच्या ७०-७५ हजारांच्या बरोबरीचे. तुमचे ८० हजार उलट थोडे वरचढच आहेत. जुळे सोलापुरात दोन बेडरूमचा फ्लॅट, घरी धुणं-भांड्याला मावशी, दारात गाडी, हे सगळं त्यात आरामात बसतं. तिकडे त्या पगारात भाडं आणि हीटिंग भरून झालं की स्वयंपाक, झाडलोट, सामान वाहणं सगळं आपलं आपण.

मात्र हा स्वस्तपणा कुठून येतो ते बघायला हवं. आमच्या घरामागच्या वस्तीत एक मावशी विड्या वळतात. कारखान्यातून पानं-तंबाखू आणायची, पानं भिजवायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने एकेक पान कापायचं आणि सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळत बसायचं. मजुरी हजार विड्यांमागे. अंगात ताप असला तरी सूप मांडीवर असतंच, कारण न वळलेल्या विडीचा पैसा नाही. म्हातारपणाची सोय म्हणाल तर ईपीएस-९५ या भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर आहे. माझ्या तिकडच्या कारखान्यात फरशी पुसायला एक तुर्की बाई यायच्या. एकदा त्यांची कंबर धरली. डॉक्टरांकडून सुट्टी लिहून घेतली आणि त्या घरी राहिल्या. आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो, त्यानंतर आजारभत्ता आरोग्य विमा देतो. इंजिनिअरला जो नियम तोच त्यांनाही. जानेवारी २०२६ पासून तिथे किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे, त्यामुळे फरशी पुसणाऱ्याचं आणि माझं घर एकाच रस्त्यावर असू शकतं. तसं ते होतंही.

राहणीमानाची तुलना करायची तर सगळ्यात कमी कमावणाऱ्याचं अडचणीत काय होतं, हीच मोजपट्टी मला योग्य वाटते. दोन्ही गावं कापडावर मोठी झाली आणि दोन्हीकडच्या गिरण्या बंद पडल्या. आपल्याकडे जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. कामगार यंत्रमागावर गेले, रिक्षा चालवू लागले, आणि कित्येक घरांतल्या चुली बायकांच्या विड्यांवर चालल्या. जर्मनीत बेकारीचा विमा १९२७ पासून आहे. आज तिथे नोकरी गेली तर हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के रक्कम मिळते, मूल असेल तर ६७ टक्के, आणि पन्नाशीच्या आतल्या माणसाला ती जास्तीत जास्त वर्षभर. तुमच्या २,५०० युरोंसाठी कागदावरचा पगार ३,८००-३,९०० असेल. मधले पैसे कराबरोबर याच गोष्टींसाठी कापले जातात. ते कपात समजून हळहळू नका, तोही तुमच्या राहणीमानाचाच भाग आहे.

पाण्याचं तर तुम्हाला माहीतच आहे. उजनी शंभर किलोमीटरहून लांब, आणि वर्षानुवर्षं आपण चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी रात्री उठलोय. आपण हौद बांधतो, मोटर बसवतो, आरओ लावतो. ज्याला परवडत नाही तो घागरी भरून ठेवतो. तिकडे श्रीमंत-गरीब सगळ्यांच्या नळाला पिण्याजोगं पाणी येतं. ८० हजारांत तुम्ही घरापुरतं पाणी विकत घ्याल, गल्लीला नळ देऊ शकणार नाही. फुटपाथ, लायब्ररी, वेळेवरची बस यांचंही तसंच.

आता सोलापूर कुठे पुढे आहे तेही सांगतो. डॉक्टर! इथे कान दुखला तर संध्याकाळी तज्ज्ञाच्या ओपीडीत नंबर लागतो. तिकडे तज्ज्ञाची वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे जातात, दुखणं घेऊन थांबावं लागतं आणि त्याचा मला फार त्रास झाला. (बिल येत नाही, हे मात्र खरं.) आणि माणसं. अडीअडचणीला रात्री दोन वाजता शेजाऱ्याचं दार वाजवता येतं. तिथे दहानंतर जिन्यातला आवाजही लोकांना खपत नाही. जानेवारीत इथे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा तिथल्या अंधाऱ्या, ओल्या थंडीत जीव नुसता तुटायचा. भाषा आल्याशिवाय तिथे मैत्री होत नाही, इंग्रजीवर ऑफिस चालतं, जगणं नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न आई-वडिलांचा. १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर कुशल कामगाराचा परवाना पहिल्यांदा मिळालेल्यांना आई-वडील कायमचे नेता येतात, ही नवी सोय आहे. पण त्यांचा आरोग्य विमा तुम्हाला दाखवावा लागतो, आणि साठी-सत्तरीतल्या माणसाला तिथे परवडणारा विमा मिळणं महाकठीण. मी परत आलो ते वडिलांसाठी. भावंड इथे असेल तर गोष्ट वेगळी. एकुलते एक असाल तर ऑफरवर सही करण्याआधी घरी बसून हे स्पष्ट बोलून घ्या.

जायचं ठरलंच तर इथूनच जर्मन शिकायला लागा. जर्मनची बी-१ (मध्यम) पातळी आणि तीन वर्षांची कुशल नोकरी झाली की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा परवाना) असेल तर त्याहून लवकर. आणि मध्येच परतावंसं वाटलं तरी जमल्यास पेन्शनची पाच वर्षं भरून या. तेवढ्यावर जर्मन पेन्शनचा हक्क लागतो आणि ती पुढे सोलापुरात बसूनही मिळते.