पोपटांसाठी पहिलं वर्ष

अरे, पोपट वाचवायच्या कामात नवा आलायस, तर पहिल्याच महिन्यात पुण्यातल्या सगळ्या टेकड्या धरू नकोस! घराजवळच्या झाडातली एकच ढोली लक्ष ठेवायला निवड. कंठवाला पोपट बहुधा तांबट-सुतार पक्ष्यांनी सोडलेली ढोली रुंद करून वापरतो, म्हणून वठलेली फांदी छाटायला कुणी आलं की आधी वर बघायला लाव. जानेवारी ते एप्रिल, विणीच्या काळात, तर नक्कीच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- घरट्याचा फोटो ठिकाणासकट ग्रुपवर टाकणं. पिल्लं चोरणारेही ग्रुपवर असतात.
- उडायला शिकणारं पिल्लू ‘वाचवून’ घरी आणणं. (मीही आणलं होतं.) जखमी नसेल तर जवळच्या फांदीवर ठेव, लांबून बघ.

पिंजऱ्यातला देशी पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. भांडू नकोस, वनविभागाला १९२६वर कळव. ओळखीसाठी पायात रिंगा घालणं, पक्षी मोजणं वगैरे पुढच्या वर्षी.