क्रास, पॉइझन गर्ल्स आणि अनार्को-पंकमधल्या बायका

तुम्ही विचारलंय, इंग्लंडच्या अनार्को-पंकमध्ये, म्हणजे कुणाचीही सत्ता न मानणाऱ्या अराजकवादी विचारांच्या पंक रॉकमध्ये, स्त्रीवाद खरंच होता, की काळे कपडे घातलेली पोरं माइकवर ओरडायची आणि बायका नावापुरत्या?

पोरांची आरडाओरड भरपूर होती, त्यात वाद नाही. पण स्त्रीवाद नुसता पत्रकं वाटण्यापुरता होता हे मला पटत नाही. त्याला कारण एक रेकॉर्ड आणि एक बाई.

रेकॉर्ड 'क्रास' या बँडची. एसेक्समधल्या 'डायल हाउस' नावाच्या जुन्या घरात हे लोक एकत्र राहायचे. 1981 मध्ये त्यांनी 'पेनिस एन्व्ही' काढली. नेहमीचा गायक स्टीव्ह इग्नोरंट त्यात अजिबात गात नाही. सगळा आवाज ईव्ह लिबर्टाइन आणि जॉय डी व्हिव्हर यांचा. विषय लग्न, नटणंमुरडणं, प्रेमाच्या नावाखाली चालणारी मालकी. सरकार आणि युद्धाला शिव्या देणारे पंक बँड पैशाला पासरी होते. इथे सत्ता थेट घरात आणि बेडरूममध्ये शोधली होती, म्हणून ही रेकॉर्ड मला त्यांच्या बाकी सगळ्या कामापेक्षा मोठी वाटते.

शेवटचं गाणं 'अवर वेडिंग'. गोड, गुळगुळीत, नवरीच्या स्वप्नांनी ओथंबलेलं, अगदी मुद्दाम. 'क्रिएटिव्ह रेकॉर्डिंग अँड साउंड सर्व्हिसेस' अशा सभ्य नावाने त्यांनी ते 'लव्हिंग' नावाच्या, तरुण मुलींसाठी प्रेमकथा छापणाऱ्या मासिकाला देऊ केलं. (त्या कंपनीच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून बघा!) मासिकाने वाचकांना लग्नाची खास भेट म्हणून ती पातळ प्लॅस्टिकची तबकडी फुकट देऊ केली. नंतर भांडं फुटलं आणि वर्तमानपत्रांत बोंब झाली. संपादकांना टिंगल ओळखूच आली नाही, कारण मासिक एरवी जे विकत होतं त्यापेक्षा गाण्यात वेगळं काही नव्हतंच.

पुढे पोलिसांनी 'पेनिस एन्व्ही' अश्लील म्हणून जप्त केली, दुकानदारावर खटला भरला. अपिलात बाकीची गाणी सुटली, 'बाटा मोटेल' मात्र अडकलं. (नाव वाचून आपल्याला शाळेचे बूट आठवतात, आणि गाण्यातही पादत्राणंच आहेत, फक्त लाल, उंच टाचांची.) पुरुषांच्या नजरेसाठी स्वतःला सजवून मांडणाऱ्या बाईवरचं हे उपहासाचं गाणं कोर्टाला कामोत्तेजक वाटलं.

आता बाई. 'पॉइझन गर्ल्स' या बँडची गायिका व्हाय सबव्हर्सा. जन्म 1935 चा, बँड निघाला 1976 मध्ये ब्रायटनला. म्हणजे चाळिशी उलटलेली, दोन मुलांची आई, गिटार घेऊन अशा गर्दीसमोर उभी जिच्यातली निम्मी पोरं तिच्या लेकरांच्या वयाची. बँडमध्ये बाकी बहुतेक पुरुषच. तिने ना वय लपवलं, ना आईपण. बाळंतपण, घरकाम, म्हातारं होत जाणारं शरीर, त्या शरीराची वासना, हे सगळं तिच्या गाण्यांत आलं, तेही खरखरीत, थकलेल्या आवाजात. पंक म्हणजे विशीतल्यांचं काम, ही समजूत तिच्यासमोर टिकत नाही. 2016 मध्ये ती गेली.

आता तुमच्या शंकेची दुसरी बाजू. 1980 मध्ये क्रास आणि पॉइझन गर्ल्स यांनी मिळून एक सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, काढली आणि तिच्या पैशांतून लंडनमध्ये वॉपिंगला अराजकवाद्यांचं केंद्र सुरू झालं. सगळे समान, कुणी पुढारी नाही, असं तिथलं धोरण. प्रत्यक्षात स्टेजवर मुलगेच चढायचे. वैतागून तिथल्याच काही मुलींनी 'हेगर द वूम' हा बँड काढला. वाद्यं धड वाजवता येत नव्हती, पण त्यासाठी त्या थांबल्या नाहीत. पुढे त्यात मुलगेही आले. त्यांची गाणी क्रासइतकी करडी नाहीत, उलट हसरी, उनाड आहेत.

ऐकायला सुरुवात करायची तर व्हाय सबव्हर्सापासून करा. 'पेनिस एन्व्ही' नंतर, शब्द समोर ठेवून ऐका, नाहीतर अर्धं डोक्यावरून जाईल.