पहिला साप पाळायचाय, पुण्यात कमी खर्चात त्याचं घर कसं करू?

कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाचं पिल्लू आणायचंय आणि काचेच्या तयार टाक्या परवडत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. टाकी घेऊच नका. एवढंसं पिल्लू मोठ्या उघड्या जागेत बुजतं, खाणंही टाकतं. माझ्या पिल्लाचं पहिलं वर्ष बोहरी आळीतून आणलेल्या, क्लिपा लावून झाकण बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात मजेत गेलं. हवेसाठी बाजूंना सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने आतून बाहेर भोकं पाडा, म्हणजे खरखरीत कड बाहेर राहते. भोक काडेपेटीतल्या काडीएवढंच हवं. डोकं शिरलं की साप गेलाच समजा.

तळाला वर्तमानपत्र, सांडणार नाही असं चिनी मातीचं जड भांडं पाण्याला, आणि लपायला दोन जागा. फुटक्या कुंडीची खापरं कडा फरशीवर घासून पालथी घातली तरी चालतात. पण एक उबेच्या बाजूला आणि एक थंड बाजूला हवीच. एकच ठेवलीत, तर उकडलं तरी साप आडोसा सोडणार नाही.

इथवर काटकसर खुशाल करा. थर्मोस्टॅटवर, म्हणजे ऊब देणाऱ्या विजेच्या पॅडचं तापमान ठरल्या अंशावर राखणाऱ्या यंत्रावर, मात्र करू नका. मला दुकानात सांगितलं होतं, "पॅड लावा, बाकी काही लागत नाही." डिसेंबर होता, रात्री पारा दहाच्या आसपास, मीही विश्वास ठेवला. सकाळी पिल्लू पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसलेलं. उचलून पाहिलं तर पोटाच्या तीन खवल्यांवर तपकिरी चट्टा. चटका बसत असतानाही साप कितीदा जागचा हलत नाही, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरकडे नेलं, मलम लावलं, पण तो डाग जायला दोनदा कात टाकावी लागली. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून पॅड डब्याच्या बाहेरून, एक तृतीयांश तळाखालीच लावा आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर पॅडवरच चिकटवा. उबेची बाजू २९-३० अंश, थंड बाजू २४ च्या आसपास ठेवा. आतलं तापमान मोजायला वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या. एप्रिल-मेमध्ये मात्र पॅड बंदच. तेव्हा डबा खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत जमिनीवर ठेवायचा. पुण्याच्या उन्हाळ्यात थंडीपेक्षा उष्म्याचीच भीती जास्त.

आणखी एक. टेकडीवर सापडली म्हणून धामण किंवा मांडूळ घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. कॉर्न स्नेक अमेरिकेतला, त्याला हा कायदा आडवा येत नाही, तरी विकणाऱ्याकडून पावती घ्याच. पुढे बॉल पायथन हा आफ्रिकेतला अजगर घ्यायचा विचार आला, तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक चार-पाच फूट होतो. तेव्हा मी जुन्या बाजारातून सरकत्या काचांचं शोकेस आणलं. दोन काचा एकमेकींवर येतात तिथे बारीक फट असते. तिला रबरी पट्टी लावा, काचांना कुलूप घाला, आणि मगच साप आत सोडा.